हॉलमधली कबड्डी आणि साडेसहा हजारांची लेन्स

शेतकऱ्याच्या घरात पैसा येतो दोन-तीन वाटांनी आणि जातो बारा वाटांनी. खत, बियाणे, मोटारीचे वायंडिंग, दवाखाना, पै-पाहुणा या वाटा सगळ्यांच्याच ओळखीच्या. यंदा आमच्या घरातून एक नवी वाट फुटली. साडेसहा हजार रुपये कॅमेऱ्याच्या एका जुन्या लेन्ससाठी गेले. 'एवढ्यात शेळी आली असती,' असे जाऊबाई म्हणाल्या, आणि हिशेबाने त्यांचे बोलणे बरोबरच होते. तरीही ती लेन्स का घेतली, आणि दुकानदार जी पुढे करत होता ती का घेतली नाही, हे चार लोकांना सांगावेसे वाटते. आता खेड्यापाड्यांतही एखाद्या घरी कॅमेरा असतो आणि त्याच घरातली पोर हॉलमध्ये कबड्डी नाहीतर खो-खो खेळत असते. खिशात पैसा थोडा, हॉलमध्ये उजेड थोडा, अशा वेळी काय घ्यावे, हा प्रश्न आमच्या एकट्याच्या घरचा नव्हे.

आमचे गाव विटा-कडेगाव पट्ट्यातले. इथली कबड्डी मातीतली. तालमीपुढच्या मोकळ्या जागेत फक्कीच्या रेषा आखायच्या आणि दिवस मावळेपर्यंत खेळायचे. पारावर बसलेले सगळे गाव बघायला असायचे. पुढे १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी गेली. २०१० साली ग्वांगझूला मुलींची कबड्डीही त्या खेळांत आली. २०१४ पासून प्रो कबड्डी घरोघरी टीव्हीवर दिसू लागली. माती जाऊन मॅट आली, अनवाणी पायांत बूट आले आणि खेळ छपराखाली गेला. कुस्तीलाही मॅटवरचे नऊ मीटरचे वर्तुळ आले. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागृहात, छपराखालीच झाला. मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे आणि मुलांचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही आपल्या महाराष्ट्राचे. दोन्ही चषक भारताने जिंकले, हे आपण वाचलेच असेल.

दिल्लीच्या क्रीडागृहात टीव्हीसाठी दिव्यांचा लखलखाट असतो. तालुक्याच्या हॉलची गोष्ट निराळी. वर उंच पत्रा, त्याला आठ-दहा दिवे, त्यांतले दोन बंद. आपल्या डोळ्यांना तेवढा उजेड पुरतो, कारण डोळा अंधाराची सवय करून घेतो. कॅमेऱ्याला ती सवय नसते.

माझी धाकटी मुलगी अकरावीला आहे, तालुक्याच्या संघात चढाई करते. थोरला मुलगा शिक्षण संपवून घरची शेती बघतो. माझ्या दादाचा विट्यात लग्नाच्या फोटोंचा धंदा आहे. त्याने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना कॅनन भाच्याला दिला, वर असलेल्या १८-५५ च्या लेन्ससकट. त्या कॅमेऱ्याने पोराने बेंदराच्या मिरवणुकीतले बैल काढले, तुरा आलेला ऊस काढला, आजीचा ओसरीवर तांदूळ निवडतानाचा फोटो काढला. सगळे कसे लख्ख. मग तो बहिणीचा सामना टिपायला हॉलमध्ये गेला. ते फोटो आम्ही घरी बसून पाहिले. मॅट स्पष्ट होती, पंच स्पष्ट होते, खुर्चीतले पाहुणे तर फारच स्पष्ट होते. धावणाऱ्या मुली तेवढ्या फडक्याने पुसल्यासारख्या दिसत होत्या.

मोबाईलने काढून पाहिले, तरी तेच. मोबाईल उन्हात चांगले काम करतो. पण त्याचा डोळा बारीक, हॉलच्या उजेडात पळणारे माणूस त्याला धरता येत नाही.

संघात डाव्या कोपऱ्यावर खेळणारी एक मुलगी आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे लग्न वैशाखात ठरले. डिसेंबरातली जिल्हा स्पर्धा तिची शेवटची, हे सगळ्यांना माहीत होते, कोणी बोलून दाखवत नव्हते इतकेच. एक दिवस ती आमच्याकडे आली, चहा घेतला आणि जाता जाता मुलाला म्हणाली, "दादा, माझा एक फोटो काढ ना. कप हातात घेतलेला नको. पकड करतानाचा पाहिजे."

ती गेल्यावर मी लेकीला संघाचे जुने फोटो दाखवायला सांगितले. सहा वर्षांचे फोटो निघाले. सगळे बक्षीस समारंभाचे. हार, नारळ, पाहुणे आणि मागे रांगेत उभ्या मुली. सहा वर्षे घाम गाळलेल्या मुलींचा खेळतानाचा असा एकही फोटो नव्हता. त्या दिवशी मी मनाशी ठरवले की हे काम करायचे.

आम्ही मायलेक कोल्हापूरला एका दुकानात गेलो. दुकानदार बोलायला गोड. म्हणाला, "ताई, हॉल मोठा, खेळाडू लांब. लांबचं जवळ ओढणारीच लेन्स घ्या." त्याने ५५-२५० ची लेन्स पुढे ठेवली. शिवाय हात थरथरला तरी फोटो हलणार नाही, अशी तिच्यात सोय आहे म्हणाला. ऐकायला सगळे पटण्यासारखे. पण दादाने निघतानाच फोनवर बजावले होते, "लांबचं बघू नकोस, उजेडाचं बघ." त्या एका वाक्यात काय भरले आहे ते मला पोराने तिथल्या बाकावर बसून कागदावर मांडून दाखवले. तेच तुम्हाला सांगते.

लेन्सवर दोन आकडे लिहिलेले असतात. पहिला मिलिमीटरचा, त्यावरून लांबचे किती मोठे दिसेल ते कळते. दुसरा एफचा, त्यावरून आत उजेड किती येईल ते कळते. हा दुसरा आकडा उलटा चालतो. आकडा लहान तितके लेन्सचे भोक मोठे. मिलिमीटरच्या आकड्याला एफच्या आकड्याने भागले की भोकाची रुंदी निघते. आमची जुनी लेन्स ५० मिलिमीटरवर लावली तर तिचा एफ ५.६, म्हणजे भोक ९ मिलिमीटरचे, सदऱ्याच्या गुंडीएवढे. ५० मिलिमीटरचीच पण एफ १.८ ची लेन्स घेतली तर भोक जवळजवळ २८ मिलिमीटरचे, दहा रुपयांच्या नाण्याएवढे. रुंदी तिप्पट झाली की तोंडाचे क्षेत्रफळ नऊपट होते, हे पाइपलाइन टाकणाऱ्याला सांगायला नको. इथे ते साडेनऊ पटींहून थोडे जास्तच भरते.

दुकानदाराची ५५-२५० ची लेन्स लांबच्या टोकाला एफ ५.६ चीच. तिथे तिचे भोक मोठे असते, पण लांबच्या लहानशा जागेतून येणारा उजेडही तितकाच थोडा असतो. म्हणून हिशेब शेवटी एफच्या आकड्यावरच येतो. लांबची मुलगी जवळ दिसली असती, पण पुसलेलीच दिसली असती.

आता वेगाचा हिशेब बघा. आमच्या तालुक्याच्या हॉलमध्ये जुन्या लेन्सने सेकंदाचा ६० वा भाग एवढा वेळ उजेड आत घ्यावा लागत होता. चढाई करून परत मध्यरेषेकडे झेपावणारी मुलगी सेकंदाला ६ मीटर पळते असे धरले, तर तेवढ्या वेळात ती १० सेंटीमीटर पुढे सरकते, जवळजवळ अर्धी वीत. फोटोत ती अर्धी वीत फरफटते. उजेड साडेनऊ पट मिळाला की तेच काम सेकंदाच्या ५०० व्या भागात होते. तेवढ्यात ती सरकते जेमतेम सव्वा सेंटीमीटर. मग चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो, बोटे मोजता येतात.

कॅमेऱ्यात आयएसओ नावाचे आणखी एक माप असते. ते वाढवले की अंधारातही फोटो उजळतो. मग लेन्स कशाला, असे कोणी म्हणेल. पण आयएसओ वाढवणे म्हणजे दुधात पाणी घालणे. माप वाढते, फॅट जाते. फोटो रवाळ होतो. आमच्या जुन्या कॅमेऱ्याला ३२०० पर्यंत सोसते, आणि वर सांगितलेला हिशेब ३२०० वरचाच आहे. पाणी घालून झाले होते. आता म्हैसच जास्त दुधाची पाहिजे होती.

हाताची थरथर सांभाळणारी ती सोय खोटी नाही. देवळातली मूर्ती, बसलेली आजी, संध्याकाळचे रान, यांना ती उपयोगी पडते. पण ती फोटो काढणाऱ्याचा हात स्थिर करते, पळणाऱ्या मुलीला थांबवत नाही. खेळासाठी तिच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार ७०-२०० ची, एफ २.८ ची जाडजूड लेन्स वापरतात. ती लांबचेही आणते आणि उजेडही घेते, पण नवी घ्यायची तर लाखाच्या वर जाते. गंमत अशी की एफ १.८ ची साधी लेन्स तिच्यापेक्षाही जवळजवळ अडीच पट उजेड घेते. मग स्वस्त का? कारण तिला जवळ-लांब करता येत नाही. ५० म्हणजे ५०. पुढे-मागे आपल्या पायांनी व्हायचे. आणि पायांनी जायची आपल्याला सवय आहेच.

आता किती मिलिमीटरची घ्यायची? इथे मैदानाची मापे कामी आली. मुलींचे मैदान १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद. एका संघाच्या वाट्याला ६ मीटर लांबी. मध्यरेषेपासून ३ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. बहुतेक झटापट या रेषांच्या आसपास होते. अंतिम रेषेच्या मागे तीन मीटरवर, कोपऱ्याकडे बसले की झटापट आपल्यापासून पाच ते सात मीटरवर येते. आमच्यासारख्या साध्या कॅननवर ५० ची लेन्स ६ मीटरवर पावणेतीन मीटर रुंद आणि पावणेदोन-दोन मीटर उंच जागा दाखवते. चढाई करणारी एक आणि तिला धरणाऱ्या दोघी त्यात नीट मावतात. ८५ ची लेन्स तेवढ्याच अंतरावरून दीड-पावणेदोन मीटर रुंदी दाखवते. एकटीचा चेहरा टिपायला किंवा मैदानापासून लांब बसवले तर ती चांगली, पण नवी घेतली तर ५० च्या तिपटीच्या आसपास जाते. हॉल अगदी लहान असेल आणि भिंत पाठीला टेकत असेल, तर ३५ ची पाहावी. आम्ही ५० ची ठरवली.

कॅननची ही लेन्स २०१५ साली आली, तिच्यावर एसटीएम अशी अक्षरे असतात. वजन १६० ग्रॅम. तिच्या आधीची १९९० सालची लेन्स आणखी स्वस्तात मिळते, पण तिचे कॅमेऱ्यात बसणारे कडे प्लॅस्टिकचे असते आणि फोकस करताना ती घरघर करते. निकॉनवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटार नसते. त्यांना एएफ-एस लिहिलेली लेन्सच घ्यावी. स्वस्त मिळते म्हणून ५० ची जुनी 'डी' लेन्स घेतली, तर दर वेळी हाताने फोकस करावा लागेल, आणि कबड्डीत तेवढी उसंत कोण देतो?

अलीकडे धंदेवाले लोक बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळले आहेत, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या चांगल्या लेन्स बाजारात वापरलेल्या मिळतात. बैल घेताना दात बघतो तशी लेन्स घेतानाही बघायची. मागून बॅटरीचा झोत टाकून आरपार पाहावे. धुळीचे चार कण चालतात. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले, तर ती बुरशी. फुकट दिली तरी घेऊ नये. भोक लहान-मोठे करणारी पाती कोरडी असावीत, तेलकट नकोत. मग आपल्याच कॅमेऱ्यावर लावून जवळचे, लांबचे, पुन्हा जवळचे असा दहा वेळा फोकस करून बघावा. आम्ही हे सगळे दुकानाच्या दारात उभे राहून केले. दुकानदार शेवटी हसून म्हणाला, "ताई, पोरगी बघायला आलात का लेन्स?" त्याच्याकडेच वापरलेली निघाली आणि घासाघीस होऊन साडेसहा हजारांवर तुटली.

पैसे मात्र लगेच दिले नाहीत. आधी घरी फोन लावला. दुधाचे बिल माझ्याकडे असते, त्यातून बाजूला टाकलेले होते. तरी एवढा खर्च घरात न विचारता करू नये. आमच्या ह्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "अगं, किती जणींच्या कामाला येईल?"

मी म्हटले, "संघात बारा जणी आहेत."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे माणशी साडेपाचशेच्या आत. घे."

शेतकऱ्याने हिशेब केला की मग तो मागे हटत नाही.

डिसेंबरात स्पर्धेला मीही गेले. मुलाने आधी पंचांना भेटून कुठे बसू ते विचारून घेतले. फ्लॅश वापरणार नाही असे आपणहून सांगितले. दम धरून चढाईला आलेल्या मुलीच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणे बरे नव्हे, आणि तो बहुतेक ठिकाणी चालूही देत नाहीत. कॅमेऱ्यावर वेळ सेकंदाचा ५०० वा भाग, एफ २, आयएसओ ३२०० असे तीन आकडे एकदा हाताने लावले आणि मग त्यांना हात लावला नाही. फोकस 'एआय सर्व्हो'वर, म्हणजे माणूस हलेल तसा फोकस त्याच्यामागे जातो. निकॉनवर यालाच एएफ-सी म्हणतात. मधला एकच ठिपका चालू ठेवला. भोक मोठे केले की फोटोतला स्पष्ट पट्टा अरुंद होतो. ५० ला सहा मीटरवर तो मीटरभर असतो, ८५ ला तर फूट-दीड फूटच. म्हणून ठिपका जिच्यासाठी फोटो काढायचा तिच्या छातीवर धरायचा, बाकीच्या थोड्या पुसट झाल्या तरी चालते.

एक गोष्ट तिथे पाहायला मिळाली. लागोपाठ काढलेल्या तीन फोटोंपैकी एक उजळ, एक पिवळट, एक काळपट येई. हा दोष लेन्सचा नव्हे, दिव्यांचा. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते, त्यामुळे हॉलमधले बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, सेकंदाच्या ५०० व्या भागाला दिसते. नव्या काही कॅमेऱ्यांत यावर सोय आहे. जुन्यावर उपाय एवढाच, की एका झटापटीचे चार-पाच फोटो लागोपाठ काढायचे आणि चांगला तेवढा ठेवायचा. दोन दिवसांत चारशेच्या वर फोटो निघाले. घरी बसून निवडले तेव्हा ठेवण्यासारखे बावीस उरले. पेरले तेवढे सगळे उगवत नाही, तसेच हे.

त्या बावीसमध्ये डाव्या कोपऱ्याचा एक होता. समोरची मुलगी मध्यरेषेकडे आडवी झेपावली आहे, तिची बोटे रेषेपासून वीतभर मागे आहेत. आणि हिने दोन्ही हातांनी तिचा घोटा धरलेला आहे. गाल मॅटवर दाबला गेला आहे, दात आवळलेले आहेत, बटेतून निसटलेला केस न् केस मोजता येतो. मोठी प्रत काढून मी स्वतः तिच्या घरी नेऊन दिली.

तिचे वडील भांगलण करून नुकतेच आले होते. हात धुऊन, पंचाला पुसून त्यांनी फोटो घेतला, दाराशी उजेडात नेला आणि बराच वेळ पाहिला. सामने सगळे लांबच्या हॉलमध्ये, तेही कामाच्या दिवसांत. सहा वर्षांत त्यांना एकही पाहता आला नव्हता. "ही अशी धरते होय?" एवढेच ते म्हणाले. मग बायकोला हाक मारली, मग शेजारच्या चुलत्याला.

लग्न ठरल्या तिथीला झाले. फोटोने काही चमत्कार केला असे मी सांगणार नाही. तो तिच्याबरोबर सासरी गेला आहे, हे मात्र तिच्या आईने सांगितले. उरलेल्या अकरा जणींना आपापला एकेक मिळाला. संघाच्या मास्तरांनी घोटा पकडीच्या फोटोची एक प्रत मागून घेतली. लहान गटातल्या मुलींना ते त्यावर बोट ठेवून दाखवतात की अंगठा कुठे यावा आणि खांदा किती खाली जावा.

लेन्स आता स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात असते, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून. बियाणे जसे ओलीपासून जपतो, तसेच हिलाही जपावे लागते, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. तालमीतल्या पोरांनी मॅटवरच्या कुस्तीसाठी मुलाला आत्ताच सांगून ठेवले आहे.

तुमच्या घरी कॅमेरा असेल आणि मुलगी हॉलमध्ये खेळत असेल, तर दुकानात गेल्यावर 'किती लांबचं दिसतं' असे विचारू नका. एफचा आकडा विचारा. तो १.८ असेल, आपल्या कॅमेऱ्यावर फोकस आपोआप फिरत असेल आणि काच स्वच्छ असेल, तर पैसे मोजा. आणि पहिल्या सामन्याला मुलाबरोबर तुम्हीही जा.